घरून बांधून दिलेलं गाठोडं

संगणकाबद्दल काही लिहिलं की आमच्याकडची मंडळी पहिल्या दोन ओळी वाचतात, खाली ‘छान लिहिलं आहेस, तब्येतीला जप’ असा अभिप्राय टाकतात आणि मोकळी होतात. म्हणून आज आधीच सांगून ठेवतो. हा लेख इतिहासाचा आहे, तो कळायला संगणक यावा लागत नाही, आणि फिरत फिरत तो तुमच्या पासबुकापर्यंत येणार आहे. तेव्हा काका-मावशी मंडळींनी पळून जाऊ नये.

विषयाचं नाव जरा अवघड आहे: एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. शाळेतल्या बीजगणितात व्हेरिएबलला आपण ‘चल’ म्हणायचो. एन्व्हायर्न्मेंट म्हणजे पर्यावरण. दोन्ही जोडले की ‘पर्यावरण चल’ असं काहीतरी तयार होतं, जणू पर्यावरणाला संध्याकाळी फिरायला बोलावतोय :) ते भाषांतर राहू दे. मी त्याला गाठोडं म्हणणार आहे.

गाठोडंच का? संगणकात कुठलाही प्रोग्राम आपला आपण सुरू होत नाही. आधीपासून चालू असलेला दुसरा एखादा प्रोग्राम त्याला सुरू करतो. सुरू करणाऱ्याला ‘पालक’ आणि सुरू होणाऱ्याला ‘मूल’ म्हणतात. ही नावं माझी नाहीत, पुस्तकात तशीच आहेत. मूल घराबाहेर पडताना पालक त्याच्या हातात एक छोटं गाठोडं देतो. आत चिठ्ठ्या असतात. प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव, मग बरोबरची खूण, मग किंमत. घर = अमुक. भाषा = तमुक. बस, इतकंच.

पूर्वी हे गाठोडंही नव्हतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्माला आलं. १९७५ साली आलेल्या त्याच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत मुलाला सुरू करताना फक्त कामाची सूचना देता यायची: ही फाइल उघड, ती छाप. आजूबाजूची परिस्थिती सांगायला जागाच नव्हती. त्याच सुमारास तिथल्या जॉन मॅशी यांनी आपल्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, एका अक्षराची व्हेरिएबल आणली. एकात वापरणाऱ्याचं घर कुठे ते, एकात प्रोग्राम कुठेकुठे शोधायचे ते. गरज सगळ्यांनाच जाणवत होती.

मग जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यासोबत स्टीफन बोर्न यांचा नवा शेल आला आणि हे गाठोडं थेट यंत्रणेच्या गाभ्यात गेलं. नवा प्रोग्राम सुरू करताना त्याचं नाव आणि सूचना द्यायच्या, आणि त्यासोबत तिसरी एक यादी द्यायची. ही तिसरी यादी म्हणजे आपलं गाठोडं. त्याचे नियम तेव्हा ठरले ते आजही जवळजवळ तसेच आहेत. एक, मुलाला मिळते ती नक्कल. दोन, मुलाने आपल्या नकलेत काहीही फेरफार केला तरी पालकाच्या गाठोड्याला धक्का लागत नाही. तीन, मुलाने स्वतःहून काही काढून टाकलं नाही तर तेच गाठोडं नातवंडांकडे, पतवंडांकडे जातं. चार, आत असतो तो साधा मजकूर. कुलूप नाही, किल्ली नाही.

हे चारही नियम लक्षात ठेवा. पुढची सगळी गंमत आणि सगळी पंचाईत त्यांच्यातूनच निघाली आहे.

तेव्हा गाठोड्यात काय असायचं? ‘होम’ म्हणजे तुझं घर कुठे. ‘पाथ’ म्हणजे हत्यारं कुठल्या कपाटात शोधायची. ‘टर्म’ म्हणजे तुझ्यासमोर कुठल्या बनावटीचं टर्मिनल आहे. त्या काळात एकाच संगणकाला वेगवेगळ्या कंपन्यांची टर्मिनलं जोडलेली असत आणि पडदा पुसायची प्रत्येकाची खूण वेगळी. पुढे घड्याळाच्या पट्ट्याची चिठ्ठी आली, भाषेची आली. लिनक्सवर भाषेच्या चिठ्ठीत मराठीची ‘एमआर’ आणि भारताची ‘आयएन’ ही खूण घातली की ज्या प्रोग्रामांचं मराठी भाषांतर कुणीतरी खपून केलेलं आहे ते मराठीत बोलू लागतात. पहिल्यांदा ‘फाइल’च्या शेजारी ‘संपादन’ दिसलं तेव्हा झालेला आनंद आपल्यातल्या काही जुन्या ब्लॉगरांना आठवत असेल.

म्हणजे बघा, मुळात गाठोड्यात होते पत्ते आणि सवयी. कुणी वाचलं तरी काही बिघडणार नाही अशा गोष्टी. दागिने नव्हते.

डॉसच्या जमान्यात ज्यांनी नोकरी केली त्यांनाही हे गाठोडं भेटलेलं आहे, फक्त ओळख करून दिली नव्हती कुणी. १९८३ मध्ये आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्सच्या बऱ्याच कल्पना उचलल्या, त्यात हीही. ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘सेट’ आणि ‘पाथ’ने सुरू होणाऱ्या ओळी असायच्या त्या ह्याच चिठ्ठ्या. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्यासाठी मुळात ठेवलेली जागा होती जेमतेम १६० बाइट. ‘पाथ’ जरा लांबला की गाठोड्यात जागा उरली नाही अशी इंग्रजी तक्रार पडद्यावर यायची. जागा एवढीशी, कारण तिथे फार काही ठेवायचं असतं असं कुणाला वाटलंच नव्हतं.

वळण आलं ते वेबमुळे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न होता: पान मागायला कुणी आलं आणि ते पान आधीपासून तयार नसेल, एखाद्या प्रोग्रामने त्या क्षणी बनवून द्यायचं असेल, तर मागणाऱ्याने काय मागितलं ते त्या प्रोग्रामला सांगायचं कसं? त्यांनी हाताशी असलेलं गाठोडं वापरलं. कुठलं पान, कुठला पत्ता, कुठला ब्राउझर, सगळ्याच्या चिठ्ठ्या करून आत टाकल्या. ह्या पद्धतीला सीजीआय म्हणतात. सोपी, कुठल्याही भाषेत चालणारी, झकास युक्ती.

पण एक गोष्ट बदलली होती. इतकी वर्षं गाठोडं घरच्याच माणसाने बांधलेलं असे. आता त्यातल्या काही चिठ्ठ्या दारावर आलेल्या अनोळखी माणसाच्या हस्ताक्षरातल्या होत्या.

ह्याचा हिशेब चुकता व्हायला २१ वर्षं लागली. बोर्न शेलचा वारस म्हणून ब्रायन फॉक्स यांनी बॅश नावाचा शेल लिहिला. १९८९ मध्ये त्यात एक सोय आली: छोटी कामं करणारी फंक्शनसुद्धा गाठोड्यातून मुलाला देता यायची. चिठ्ठीवरचा मजकूर फंक्शनासारखा दिसला की मूल-बॅश सुरू होतानाच तो वाचून घ्यायचं. आणि फंक्शन संपल्यावर पुढे काही आज्ञा लिहिलेली असली, तर तीही मुकाट्याने पाळायचं! २४ सप्टेंबर २०१४ रोजी ही फट जाहीर झाली. तिला शेलशॉक असं नाव पडलं. जगात कुठूनही कुणीही ब्राउझरच्या नावाच्या जागी एक ओळ लिहून पाठवायची, सर्व्हरने ती इमानेइतबारे गाठोड्यात टाकायची, आणि पुढे कुठेतरी बॅश सुरू झाला की ती आज्ञा पाळली जायची. १९८९ मध्ये वेब सर्व्हर नव्हते. सोय करणाऱ्याने काही वेडंवाकडं केलं नव्हतं. घरचं गाठोडं घरच्यांनीच बांधलेलं असणार, एवढंच त्याने गृहीत धरलं होतं.

आता कंटेनरकडे येऊ. त्याचा थोडा पूर्वरंग सांगायला हवा.

वेबसाइट लिहिणाऱ्यांची जुनी सवय अशी की डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रामच्या आतच लिहून टाकायचा. तोच प्रोग्राम मग सहकाऱ्यांकडे जातो, बॅकअपमध्ये जातो, एखादे दिवशी इंटरनेटवर सगळ्या जगासमोर जातो. २००७ मध्ये सुरू झालेल्या हेरोकू या कंपनीच्या संगणकांवर हजारो लोकांचे वेब अॅप्लिकेशन चालत असत, त्यामुळे हा घोळ त्यांना रोज दिसत होता. तिथल्या अॅडम विगिन्स यांनी २०११ मध्ये ‘ट्वेल्व्ह फॅक्टर अॅप’ नावाचे १२ नियम लिहिले. तिसरा नियम आपल्या कामाचा: जे जागेनुसार बदलतं ते प्रोग्राममध्ये लिहू नका, एन्व्हायर्न्मेंटमध्ये ठेवा. कसोटीही त्यांनी सुरेख दिली. तुमचा सगळा प्रोग्राम ह्या क्षणी जगाला उघडा करून दाखवला तर एखादं गुपित फुटेल का? फुटत असेल तर तुम्ही नियम पाळलेला नाही.

सल्ला उत्तम होता. गाठोडं प्रत्येक भाषेत वाचता येतं, प्रत्येक यंत्रणेवर असतं, आणि चुकून प्रोग्रामसोबत गावभर फिरत नाही. पण ह्या सल्ल्याबरोबर पत्ते आणि सवयींच्या शेजारी दागिने येऊन बसले.

दोनच वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथे पायथन भाषेच्या परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाचेक मिनिटांत डॉकर दाखवलं. कंटेनर म्हटलं की बोटीवरचे कंटेनर डोळ्यांसमोर आणा. न्हावाशेवाच्या रस्त्यावर ट्रेलरवरून जाताना दिसतात तेच. आत काय आहे ह्याच्याशी क्रेनला देणंघेणं नसतं, माप ठरलेलं असलं की झालं. तसं वेब अॅप्लिकेशन, त्याला लागणारी सगळी सामग्री, सगळं एका पेटीत भरायचं, सील करायचं, आणि तीच पेटी प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर, चाचणीच्या संगणकावर आणि खऱ्या सर्व्हरवर चालवायची. (ही पेटीची कल्पनाही नवी नव्हती. प्रोग्रामला एकाच खोलीत कोंडून ‘हेच तुझं जग’ असं सांगणारी ‘चीरूट’ ही सोय युनिक्सच्या त्याच सातव्या आवृत्तीत आहे. गाठोडं आणि पेटी एकाच घरातली भावंडं म्हणायची!)

पण पेटी सगळीकडे तीच, तर आतल्या अॅप्लिकेशनला कळणार कसं की आपण लॅपटॉपवर आहोत की खऱ्या सर्व्हरवर? डेटाबेस कुठला, त्याचा पासवर्ड काय? पेटी फोडून आत लिहिलं तर ती ‘तीच’ पेटी राहत नाही. मग पेटी सुरू करताना सोबत गाठोडं द्यायचं. डॉकरच्या आज्ञेत ‘ई’ हे एक अक्षर लिहून चिठ्ठी देता येते. चिठ्ठ्या पुष्कळ असल्या तर त्यांची फाइल देता येते. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलची तयार पेटी चालवणारा प्रत्येकजण पहिला पासवर्ड असाच देतो. सुरुवातीच्या डॉकरमध्ये एका पेटीला शेजारच्या पेटीचा पत्तासुद्धा अशा चिठ्ठीतूनच कळायचा. २०१४ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या कुबरनेटीसनेही ती रीत उचलली. १९७९ मधली ती तिसरी यादी कंटेनरच्या जगाची बोलीभाषा झाली.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. चिठ्ठी दोन वेळी देता येते: पेटी भरताना किंवा पेटी चालवताना. भरताना दिली तर ती पेटीच्या थरांत कायमची छापली जाते. नंतरच्या थरात खोडली तरी खालच्या थरात राहतेच, आणि ‘डॉकर हिस्ट्री’ ही एक आज्ञा दिली की सगळं बाड समोर येतं. चालवताना दिली तर पेटी स्वच्छ राहते, पण ‘डॉकर इन्स्पेक्ट’ची परवानगी असलेल्या कुणालाही ती वाचता येते. वेबसाइटचा जो भाग तुमच्या ब्राउझरमध्ये चालतो त्याची तर वेगळीच कथा. त्याला सर्व्हरवरचं गाठोडं पोचतच नाही. बांधणीच्या वेळी चिठ्ठीवरचा मजकूर त्यात चिकटवला जातो आणि तो प्रत्येक पाहुण्याला घरपोच मिळतो.

आता पासबुक. आमच्या एका भाच्याला मध्यंतरी एका पतसंस्थेने बोलावलं होतं. त्यांचं सभासदांसाठीचं वेब अॅप्लिकेशन एका ठेकेदाराने कंटेनरमध्ये घालून दिलं होतं, ते दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं होतं. भाच्याने पेटीचा इतिहास बघितला तर डेटाबेसचा पासवर्ड तिसऱ्या-चौथ्या ओळीत स्वच्छ वाचता येत होता. ती पेटी आतापर्यंत तीन-चार जणांच्या लॅपटॉपवर उतरलेली होती. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, “अहो, पण कंटेनर बंद असतो ना!” भाचा मला फोनवर म्हणाला, “मामा, ह्यांना वाटतं पेटीला कुलूप आहे.” पासवर्ड त्याच दिवशी बदलले. तिथे बहुतेक ठेवी निवृत्त शिक्षकांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या आहेत. त्यांच्यापैकी कुणी डॉकर हा शब्दही ऐकलेला नसेल. पण त्यांची नावं, खाते क्रमांक, फोन नंबर ज्या दाराआड होते त्याची किल्ली चिठ्ठीवर लिहून पेटीवर चिकटवलेली होती.

हे आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. कोडकव्ह ही अमेरिकेतली कंपनी प्रोग्रामांच्या चाचण्यांचा हिशेब ठेवण्याची सेवा देते. तिच्या डॉकर पेटी बनवण्याच्या पद्धतीत एक चूक होती, त्यातून कुणीतरी एक किल्ली काढून घेतली. त्या किल्लीने ३१ जानेवारी २०२१ पासून कंपनीच्या एका स्क्रिप्टमध्ये वेळोवेळी फेरफार केला गेला. घातलेली भर अगदी छोटी होती. गाठोड्यात जे असेल ते सगळं आमच्या पत्त्यावर पाठव, एवढंच ती सांगत होती. ही स्क्रिप्ट हजारो कंपन्यांच्या यंत्रणेत चालत होती. पहिला नियम आठवा: मुलाला गाठोड्याची पूर्ण नक्कल मिळते. स्क्रिप्टला त्यातल्या एखाद-दुसऱ्याच चिठ्ठीची गरज होती, पण मिळत होत्या सगळ्या. दोन महिन्यांनी, १ एप्रिलला, एका ग्राहकाने स्क्रिप्टचा ठसा मूळ ठशाशी जुळवून पाहिला तेव्हा हे उघडकीला आलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ ने आणखी एक प्रकरण मांडलं. लोकांनी चिठ्ठ्यांच्या फाइली नकळत आपल्या वेबसाइटवर उघड्या ठेवल्या होत्या. हल्लेखोरांनी १,१०,००० डोमेनवर नेम धरला आणि त्या फाइलींतून ९०,००० हून अधिक चिठ्ठ्या गोळा केल्या.

उपाय निघाले नाहीत असं नाही. २०१७ च्या सुरुवातीला डॉकरच्या स्वार्म व्यवस्थेत गुपितांसाठी वेगळी जागा आली. तिथे पासवर्ड चिठ्ठीत नसतो. तो पेटीच्या आत एका फाइलमध्ये प्रकट होतो आणि ती फाइल डिस्कवर न लिहिता मेमरीत ठेवलेली असते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएलच्या तयार पेट्यांनीही नवी रीत पाडली: चिठ्ठीच्या नावापुढे ‘फाइल’ हा शब्द जोडायचा आणि चिठ्ठीवर पासवर्डऐवजी तो कुठे ठेवलाय ते लिहायचं. कुबरनेटीसमध्येही गुपित असं फाइलच्या रूपात देता येतं. (तिथे गुपित ‘बेस ६४’ मध्ये दिसतं ते बघून निश्चिंत होऊ नये. तो फक्त लिहिण्याचा वेगळा ढंग आहे, कुलूप नव्हे.) लिनक्समधल्या सिस्टमडीने २०२० मध्ये अशीच सोय केली. फाइल आपोआप नातवंडांकडे जात नाही, आणि कोण वाचू शकतं ते ठरवता येतं. फरक एवढाच, पण तोच महत्त्वाचा.

गंमत म्हणजे, ह्या नव्या रीतीत गाठोड्याला त्याचं जुनं काम परत मिळालं. आत पुन्हा पत्ताच. दागिने कुठल्या कपाटात आहेत ते सांगणारी चिठ्ठी, दागिने नाहीत.

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत राहिलं की ह्या गोष्टीत खलनायक शोधू गेलं तर सापडत नाही. मरे हिलच्या मंडळींना टर्मिनलचं नाव सांगायचं होतं. एनसीएसएवाल्यांना पान बनवून द्यायचं होतं. विगिन्सना पासवर्ड प्रोग्राममधून बाहेर काढायचा होता, आणि तो त्यांनी काढलाही. प्रत्येकाने हाताशी असलेली, सगळ्यांना चालणारी सोय वापरली. आधीच्याने ती कशासाठी केली होती हे मात्र सोयीसोबत पोचत नाही. गाठोडं पुढे जातं, ते बांधताना काय गृहीत धरलं होतं ते मागे राहतं. आपल्या घरांतल्या पुष्कळ रीतींचंही असंच झालेलं असतं, पण तो विषय वेगळा आणि मोठा आहे. असो.

ब्लॉगर मित्रांपैकी जे आपली साइट कंटेनरमध्ये चालवतात त्यांना एकच विनंती. आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या पेटीवर ‘डॉकर हिस्ट्री’ चालवा. तिथे ‘आखूड करू नको’ असं सांगणारा पर्याय असतो, तोही द्या, म्हणजे ओळी पूर्ण दिसतील. प्रत्येक ओळ शेवटपर्यंत वाचा. पासवर्ड दिसला तर आधी तो बदला, मग पेटी नव्याने बांधा. आणि काका-मावशी मंडळींनो, तुमची पतसंस्था किंवा बँक नवीन अॅप घ्या म्हणेल तेव्हा वार्षिक सभेत उभं राहून एवढंच विचारा: पासवर्ड कुठे ठेवता, आणि तो कोणाकोणाला वाचता येतो? उत्तर देणारा गडबडला तर पुढचा प्रश्न विचारायला मला फोन करा.